'च'मधलं चांदणं

१० मार्च

'च'मध्ये चांदणं नाही!

आधी वाटलं, माझंच बोट घसरलं. ओळीच्या सुरुवातीला गेले, पुन्हा आले. चांगला, चांगुलपणा — आणि पुढे एकदम चांदी. मधलं चांदणं गायब! म्हटलं, "एक्स्प्रेस, थांब. एक शब्द गिळलास."

एक्स्प्रेस म्हणजे आमच्या छापखान्यातली वाचनवाली. ती छापील कागद मोठ्यानं वाचते, मी समोर बसून ब्रेलच्या प्रुफावर बोट फिरवत जाते. तिचं तोंड आणि माझं बोट जुळलं की पान बरोबर. बाई मधली स्टेशनं घेत नाही, सुटली की सुटली. पण शब्द गिळत नाही, एवढं खरं.

"मी नाही गिळला," ती म्हणाली. "कागदावरच काट मारलीय. लाल."

"कोणी?"

"संपादकीणबाईंनी. आणखीही आहेत गं. कवडसा. तिरीप. कोर. खळं. अर्धचंद्र…" बोलता बोलता तिचा आवाज उतरत गेला. मला राग येण्याआधीच लोकांचे आवाज उतरतात, हे मला नवं नाही.

मुलांचा शब्दकोश आहे हा. न दिसणाऱ्या मुलांचा. मागचा निघाला तेव्हा मी शाळेत होते आणि अजून तोच चालू आहे. एकदा जस्ताच्या पत्र्यावर टिंबं उठली की पुढची पंचवीस वर्षं तेच. म्हणजे आज चांदणं गेलं तर अख्ख्या पिढीच्या बोटांखालून गेलं!

प्रुफाच्या खालच्या कोपऱ्यात दोन वाचकांच्या खुणा टोचाव्या लागतात — एक माझी, एक मास्तरांची. त्याशिवाय पत्रा बनत नाही. मी टोचली नाही. पान तसंच टेबलावर ठेवलं आणि घरी आले.


११ मार्च

बोलावणं आलंच.

संपादकीणबाई वाईट नाहीत. वाईट असत्या तर सोपं झालं असतं. खुर्ची पुढे सरकवली, चहा मागवला. "अहो, समजून घ्या. जे अनुभवाला येणारच नाही ते मुलांपुढे कशाला ठेवायचं? उगाच मन दुखतं त्यांचं. सूर्य आणि चंद्र ठेवलेत ना, भूगोलापुरते."

भूगोलापुरते!

म्हटलं, "वाघ ठेवलाय तुम्ही."

"वाघ प्राणी आहे."

"मी कधी त्याच्या पाठीवरून हात फिरवला नाही. तुम्ही फिरवलाय? राजा ठेवलाय. राजा कोणाच्या अनुभवाला आला आता? आणि भूत! भूत ठेवलंय बाई तुम्ही, आणि चांदणं काढलंत!"

त्या हसल्या. हसू दाबलं, पण नाकातून आलेलं मला ऐकू येतं.

मग मी सांगितलं ते एका दमात. की बाई, अर्थ कोणाला हवाय? बोलणं हवंय. माझ्या धाकट्या बहिणीला बघायला लोक आले होते, त्यांच्यातली एक म्हणाली, "पोरगी म्हणजे चंद्राचा तुकडा!" सगळे हसले. मी कोपऱ्यात. मी विचारलं, "तुकडा का? पडलाय का तो?" आणि सगळी बैठक जी थंड पडली, ती मला आजही आठवते. सगळे हसतात आणि आपल्याला का ते कळत नाही — दुखतं ते त्यानं! चंद्रानं नाही दुखत.

बाईंनी कप बाजूला सरकवला. मग म्हणाल्या, "तीसला शेवटचे पत्रे जाणार. तोवर प्रत्येक शब्दाचा अर्थ तुम्ही लिहून आणा. कधीच न पाहिलेल्या मुलाच्या हाताला काहीतरी लागलं पाहिजे. 'चमकतो', 'शुभ्र', 'सुंदर दिसतो' असलं चालणार नाही. जमलं तर ठेवू. नाही जमलं तर तुमची खूण द्यायची, वाद नको."

म्हटलं, चालेल.  


१२ मार्च

आईला सांगितलं. वाटलं, माझ्या बाजूनं भांडायला उठेल. तर म्हणाली, "नसला एखादा शब्द म्हणून जग बुडत नाही." आणि वर, "एवढा सुईत दोरा ओवून दे गं."

दोरा ओवायला हल्ली मीच! जिभेच्या टोकाशी सुई धरून ओवते मी. तिनंच शिकवलं लहानपणी. म्हातारी आळशी होत चाललीय. पेपरही वाचून दाखवत नाही आता. म्हणते, "असतं काय त्यात?"


१३ मार्च

उन्हाचे शब्द एका बैठकीत उडवले!

कवडसा. "फटीतून घरात शिरून जमिनीवर पडलेला उन्हाचा तुकडा. गार फरशीवर हात फिरवला तर तेवढीच जागा कोमट लागते. हा हळूहळू सरकतो." सांगा बाई, यात डोळे कुठे लागले? आमच्या स्वयंपाकघरात तो सकाळी टेबलाच्या पायाशी असतो, मी निघते तेव्हा दारापर्यंत आलेला असतो. शेजारचं मांजर येऊन त्यात झोपतं. तो सरकला की ते उठून त्याच्या मागे जातं. मला अनवाणी चालताना तो कितीदा सापडलाय, मांजरासकट.

तिरीप — तिरपी येणारी उन्हाची रेघ. बसमध्ये खिडकीशी बसलं की एकाच गालाला लागते ती.

कोवळं ऊन — पाठीला हवंसं वाटतं ते. रखरखीत ऊन — ज्यात गच्चीच्या कठड्याला हात लावला तर चटकन मागे घ्यावा लागतो. उन्हं उतरली — म्हणजे कठडा अजून गरम, पण हवा गार. हे मला फार आवडलंय. कोणीही संध्याकाळी हात लावून बघावं.

ऊन खाणे — गाद्यांनी आणि म्हाताऱ्या माणसांनी करायची गोष्ट. सूर्यवंशी — दिवस डोक्यावर आल्यावर उठणारा माणूस. उदाहरण म्हणून मला घ्यायला हरकत नाही.

आणि खरं सांगू का, कागदा? तुलाच सांगते, कारण या घरात तुला वाचणारं दुसरं कोणी नाही, आईला नुसती ब्रेलच्या टोच्याची टिकटिक ऐकू येते. सूर्याकडे डोळेवाल्यांना तरी कुठे बघता येतं! बघायला गेले की डोळे मिटतात, पाणी येतं. त्या बाबतीत आम्ही सगळे एका रांगेत! सूर्य ज्याला त्याला अंगावरच घ्यावा लागतो. हे बाईंना ठणकावून सांगणार आहे.


१४ मार्च

शेजारीण खालून ओरडली, "अहो, दिवसाढवळ्या दिवे कसले जाळताय!" स्वयंपाकघरातला दिवा सकाळपासून चालू. मला काय कळणार, चालू की बंद? आईला म्हटलं, तुझं लक्ष असतं कुठे? म्हणाली, "राहिला."


१६ मार्च

मास्तरांना आज सांगितलं. मास्तर म्हणजे दुसरे वाचक. ऐन तारुण्यात डोळे गेले. तोवर शाळेत शिकवत होते, म्हणून मास्तर. ब्रेल मोठेपणी शिकले, त्यामुळे माझ्यापेक्षा सावकाश वाचतात, पण त्यांच्या बोटाखालून चूक सुटत नाही. माझ्यावर जीव आहे त्यांचा. वाटलं, हे तरी उसळतील.

ते कपात चमचा फिरवत राहिले. साखर न घेणारा माणूस!

"पोरी, चंद्रावाचून काय अडलंय आपलं?"

"आपलं म्हणजे कोणाचं? तुम्ही बघितलाय. मी नाही. माझं अडलंय."

"बघितला नाहीस म्हणूनच तुला हौस आहे."

हौस! मी कप आदळून उठले. चहा सांडला असेल. पुसू दे कोणीतरी.


१८ मार्च

अमावास्या. एक्स्प्रेसनं कॅलेंडर वाचून सांगितलं. म्हणजे आज सगळी दुनिया माझ्या पातळीला. मजा वाटली जरा!


१९ मार्च

चंद्र जमत नाही.

आकाराचं जमलं. कोर — अंगठ्याच्या वाढलेल्या नखाच्या टोकावरून बोट फिरव, तेवढा आणि तसा चंद्र. अर्धचंद्र देणे — मानगुटीला धरून बाहेर काढणे. मान धरताना अंगठा आणि बोटं यांचा जो आकार होतो तो. एक्स्प्रेसच्या मानेवर करून बघितलं. किंचाळली. उदाहरण: "फार भांडलीस तर बाई अर्धचंद्र देतील." हे तिचंच वाक्य आहे.

पण चांदणं? चांदण्याला आकारच नाही. दिसेल त्याला विचारत सुटलेय. एक म्हणाला दुधासारखं. मला दूध म्हणजे वास आणि साय. दुसरी म्हणाली, "मोहक असतं." मोहक हा काय अर्थ झाला? एक्स्प्रेस म्हणाली, "चांदण्यात सगळंच बरं दिसतं गं. मीसुद्धा." यातून मुलाच्या हाताला काय लागणार, डोंबल!

आणि सगळ्यांचं एक ठरलेलं — शीतल. चांदणं शीतल असतं. निदान हे तरी कातडीला कळेल असं आहे. याला धरून बघते.


२० मार्च

बाईंनी जाता जाता विचारलं, "कसं चाललंय?" म्हटलं, उत्तम. चंद्रबळ चढलंय. (हाही शब्द कापलाय त्यांनी. अंगात नसलेलं बळ. मला रोज लागतो.)


२४ मार्च

शीतल ही शुद्ध थाप आहे!

संध्याकाळी गच्चीत गेले. एक्स्प्रेस फोनवर होती, ती तिच्या खिडकीतून, मी इथे. जवळजवळ अर्धा झालाय, डोक्यावर आहे म्हणाली. पत्र्याच्या छपराखाली एक हात ठेवला, एक बाहेर काढला. उभी राहिले. हात बदलले. पुन्हा उभी राहिले. काही नाही! दोन्ही हात सारखेच गार. गार असते ती रात्र, आणि नाव होतं चांदण्याचं. इतक्या डोळेवाल्यांनी इतकं लिहिलं आणि एकानंही हात लावून बघितला नाही!

हसले. मग तिथेच रडू आलं. रागाचं.

कारण गच्ची आठवली, जुन्या घराची. पौर्णिमेला सगळी बिल्डिंग वर जायची. जिन्यात चपलांचा आवाज, वर पोरांचा आरडाओरडा — "आला, आला!" मी विचारायची, "आई, चंद्र आलाय?" आई म्हणायची, "नाही गं, आज ढग आहेत."

दर वेळी ढग. मला वाटायचं, चंद्र म्हणजे वर्षातून एखादे वेळी येणारी गोष्ट, आणि तीही दुसऱ्यांच्या घरी. मग वसतिगृहात गेले. विज्ञानाच्या तासाला मी उभी राहून सांगितलं, "आमच्याकडे नेहमी ढग असतात." वर्ग हसला. एकालाही दिसत नव्हतं त्या वर्गात, आणि सगळे पोट धरून हसले!

सुट्टीत घरी आले ती आईशी आठ दिवस बोलले नाही. तिनं विचारलं नाही, का. त्यानंतर मी तिला चंद्राबद्दल विचारलं नाही आणि तिनंही कधी सांगितलं नाही. संपादकीणबाईंनी आत्ता काट मारली. आमच्या घरात ती केव्हाच मारलेली होती.


२५ मार्च

आज सरळ विचारलं. किती वर्षांनी! जेवणं झाल्यावर ती भांडी आवरत होती. म्हटलं, "आई, खळं म्हणजे काय गं?"

भांड्यांचा आवाज थांबला. वाटलं, आता ढग येणार. पण तिनं सांगितलं — आणि काय सांगितलं!

"दिव्याभोवती गोल कडं पडतं बघ. दिव्याला चिकटून नाही, जरा लांबून. आतल्या अंगाला धूसर, बाहेरच्या काठाला तांबूस. त्याच्याकडे गेलं तर ते मागे जातं. हात लावावा तर काहीच नाही."

"दिव्याभोवती नाही आई, चंद्राभोवती."

"हो. चंद्राभोवती. तसंच."

इतकं बारीक! मी उठून मिठीच मारली तिला. ती ताठ उभी, हाताला साबण. मनात म्हटलं, एवढा चंद्र हिनं लपवून ठेवला होता माझ्यापासून! राग यायला हवा होता. नाही आला. आनंद झाला.

खळं — "ताटाच्या मधोमध वाटी ठेव. वाटीला न लावता ताटाच्या काठावरून बोट फिरव. वाटी म्हणजे चंद्र, काठ म्हणजे खळं."


२६ मार्च

कापा असं बाईंनी नाही सांगितलं. मास्तरांनी सांगितलं!

आपण होऊन बोलले. मी खुणेशिवाय पानं ठेवतेय, रोज बाईंशी वाद घालतेय, हे त्यांना बघवेना म्हणे. (ते "बघवेना"च म्हणाले. शब्द कुठे जातो?) बाईंना त्यांनीच सुचवलं होतं, बाईंनी नुसती काट मारली. जुन्या कोशाचं पान ताडायला त्यांच्या हाताखाली आलं — पौर्णिमा, चांदणं, टिपूर. "त्या दिवशी मी आपल्याच घराचा जिना चुकलो, पोरी. वाटलं, माझ्यासारखी मोठेपणी डोळे गेलेली पोरंही हा कोश वाचणार. त्यांना कशाला?"

 माझा जो पारा चढला!

"म्हणून कोणालाच नको? तुमचं पोट दुखतं म्हणून माझ्यापुढचं ताट उचलणार? तुम्ही निदान एकदा जेवलात!"

"जन्मापासून नसणं वेगळं," मास्तर म्हणाले, "आणि असलेलं जाणं वेगळं. तुला तो शब्द आहे. मला ती संध्याकाळ आहे. कधीतरी तुझ्या जवळच्या कोणाचं असं झालं तर कळेल तुला."

"मला कळून घ्यायचं नाही!" मी म्हणाले. एक्स्प्रेस म्हणते, बाहेरच्या फाटकापर्यंत ऐकू आलं.

माफी मागणार नाही. मागावी असं वाटतंय. पण नाही.


२७ मार्च

मास्तर कामावर आले नाहीत.


२८ मार्च

आले. काठी नेहमीच्या जागी टेकवल्याचा आवाज आला. मी प्रुफावर वाकून बसले, जणू कामच काम. माझ्या बाजूची खुर्ची ओढली त्यांनी.

"चांदण्याचं काय लिहिलंस?"

"काही नाही. तुम्ही जिंकलात."

"लिहून घे," मास्तर म्हणाले.  मी पाटीत कागद अडकवला, टोचा धरला.

"रात्रीचा असा उजेड, की त्यात अक्षर वाचता येत नाही, पण येणारं माणूस आपलं आहे एवढं ओळखता येतं."

टोचत गेले. मग माझी खोड! म्हटलं, "मास्तर, ओळखणं म्हणजे पुन्हा डोळ्यांवरच आलं."

"तुला पावलावरून कळतं ना कोण आलं ते? चेहरा नाही कळत, कपडे नाही कळत, पण आपलं माणूस आहे, कळतं. तेवढाच उजेड असतो तो. तेवढाच. मी गल्लीच्या तोंडाशी असायचो आणि आमची आई दारातून म्हणायची, आलास? मला तिचं तोंड दिसायचं नाही. पण ती होती."

माझ्या हातातला टोचा थांबला. मला कळलं! चांदणं कळलं मला! जन्मभर ते माझ्या जिन्यात चपला वाजवत येत-जात होतं.

"मास्तर," मी म्हणाले, "त्या दिवशी मी…"

"राहू दे. चहा मागव. आणि या वेळी सांडू नकोस, माझ्या पायावर आला होता."


३० मार्च

जिंकलो!!

बाईंनी एकेक अर्थ मोठ्यानं वाचून घेतला. सूर्याकडे कोणालाच बघता येत नाही, हे ऐकून "अहो, खरंच की," म्हणाल्या. अर्धचंद्राच्या उदाहरणाला हसल्या आणि म्हणाल्या, बाई हा शब्द काढून 'मालक' घाला. घातला. भांडण झालं ते एकाच ओळीवर. मी लिहिलं होतं: "चांदण्याला शीतल म्हणतात, पण ते हाताला लागत नाही, गार असते ती रात्र."

"अहो, असं कोशात लिहीत नाहीत."

"म्हणूनच लिहायला हवं. नाहीतर पोरं माझ्यासारखी हात बाहेर काढून उभी राहतील."

"तुम्ही उभ्या राहिलात?"

"राहिले."

बाईंनी ती ओळ पुन्हा वाचून घेतली. मग म्हणाल्या, "राहू दे ती ओळ."

चांदण्याच्या पानावर मास्तरांनी आधी खूण टोचली. मग मी, त्यांच्या खुणेला खेटून. पान पत्र्याकडे गेलं. आता पंचवीस वर्षं कोणाच्या बापाची टाप नाही ते हलवायची!

घरी येऊन आईला सांगितलं. "बरं झालं," म्हणाली. एवढंच. मी आज ऐकणार थोडीच! म्हटलं, "परवा नाही तेरवा पौर्णिमा आहे. तू मला गच्चीत नेणार आणि सांगणार. खळं सांगितलंस तसं, सगळं. ढगबिग काही चालणार नाही."

"बघू," ती म्हणाली.


१ एप्रिल

आईचा गुडघा दुखायला लागला अचानक. म्हटलं, उचलून नेईन.


२ एप्रिल

दिवस बुडता बुडता वर आणलं तिला. जिन्यात मी पुढे आणि ती माझा दंड धरून मागे. कठड्याशी उभं केलं. म्हटलं, "सांग."

तिनं कठडा चाचपला. मग म्हणाली, "ढग आहेत गं."

माझ्या तळपायाची आग मस्तकात! आत्ताच एक्स्प्रेसचा फोन होऊन गेला होता. आभाळ लख्ख, चंद्र ताटाएवढा. "आई, अजून? अजून खोटंच?"

"आता खोटं नाही," ती म्हणाली. "काचबिंदू आहे. दोन वर्षं झाली. आधी दिव्यांना कडी पडायला लागली. आता सगळं धुरकट. गेलेलं परत येत नाही म्हणाले डॉक्टर. तू दारात उभी राहिलीस तरी तुला पावलावरून ओळखते मी."

सुई. दिवा. खळं.

फोनवर एक्स्प्रेसनं सांगितलं होतं, पूर्वेला, जरासाच वर — म्हणजे आमच्या पाण्याच्या टाकीच्या बाजूला. मी आईची हनुवटी धरली आणि तिचं तोंड तिकडे वळवलं.

"आई," म्हटलं, "ढग नाहीत."